हात घातल्याशिवाय बूट जात नाही

भोईवाड्यातल्या त्या गाळ्यात एक नियम होता आणि तीन पिढ्यांत तो कुणी मोडला नव्हता. बूट शिवून झाला, पॉलिश झालं, नाडी ओवली, गिऱ्हाईक येऊन बाकावर बसलं, तरी बूट लगेच मिळायचा नाही. आधी करणाऱ्याने डोळे मिटायचे, हात मनगटापर्यंत बुटात घालायचा आणि टाचेपासून करंगळीच्या कोपऱ्यापर्यंत बोटं सावकाश फिरवायची. शिवणीची गाठ, अस्तराची सुरकुती, खिळ्याचं टोक, जे काही पायाला टोचणार असेल ते आधी बोटाला टोचलं पाहिजे. "हात घातल्याशिवाय बूट जात नाही," असं रामजी म्हणायचे. कुणी घाई केली तर वर ऐकवायचे, "डोळा फसतो बाबा. बोट नाही फसत."

रामजी म्हणजे राजरत्नचे आजोबा. हॉस्पिटलात वॉर्डबॉय होते. तिथल्या वर्कशॉपमध्ये पोलिओच्या पोरांसाठी बूट व्हायचे, आणि म्हाताऱ्या कारागिराला हाताखाली माणूस मिळत नव्हतं. ड्यूटी संपली की रामजी तिथे जाऊन बसायचे, आणि बसता बसता काम शिकले. चाळीत बोंब झाली. बाबासाहेबांचं ऐकून आपल्या लोकांनी ढोरं ओढायची सोडली, आणि हा शहाणा सरकारी पगार असताना चामड्याला हात लावतो, म्हणून त्यांना बैठकीत उभं केलं. रामजींनी पिशवीतून वीतभर बूट काढून सगळ्यांच्या मधे ठेवला. त्याचा तळ एका बाजूने चार बोटं जाड होता. सात वर्षांची एक मुलगी आजवर जमिनीवरून सरकत होती, ती हा घालून सोमवारी शाळेत चालत जाणार आहे, एवढंच ते बोलले. बैठक चहा पिऊन उठली. पुढे रामजींनी भोईवाड्यात स्वतःचा गाळा घेतला. त्याच बैठकीतल्या दोघांनी आपल्या नातवंडांना रामजींकडे आणलं, तेव्हा मात्र चामडं कुणाला आठवलं नाही.

ती मुलगी कमल. कॉटन ग्रीनच्या चाळीत राहणारी, गोदीतल्या कामगाराची लेक. राजरत्न तिच्याहून वर्षाने लहान. आजोबांच्या गाळ्यात तो चामड्याच्या कातरणांशी खेळत बसलेला असायचा आणि कमल बाकावर पाय पुढे करून. डावा पाय वाकडा, उजव्यापेक्षा चार बोटं आखूड. ती सोळा वर्षांची झाली, पाय वाढायचा थांबला, तेव्हा रामजींनी तिचं कायमचं कलबूत कोरलं. कलबूत म्हणजे पायाचा हुबेहूब लाकडी साचा. त्याच्यावर चामडं ताणून बूट शिवायचा. नंतर पायाला कुठे घट्टा आला, कुठे हाड वर आलं, की कलबुतावर त्या जागी चामड्याची पातळ चकती ठोकायची. कमलच्या कलबुतावर अकरा चकत्या होत्या. दोन रामजींच्या, पाच राजरत्नच्या वडिलांच्या, चार त्याच्या स्वतःच्या.

गाळ्याच्या भिंतीवर अशी दीडशे कलबुतं नावानिशी टांगलेली होती. माणूस गेलं की घरच्यांना बोलावून त्याचं कलबूत कागदात बांधून द्यायचं, हीसुद्धा रामजींनी घातलेली रीत. कुणी ते सरणावर ठेवायचं, कुणी माळ्यावर. शहरात पोलिओचा नवा पेशंट येईनासा झाला त्या वर्षी राजरत्नच्या वडिलांनी चाळीत पेढे वाटले. धंदा बसला म्हणून पेढे वाटणारा माणूस लोकांनी तेव्हा पहिल्यांदाच पाहिला असेल. अर्थात धंदा बसला नाही. पोलिओ गेला आणि डायबिटीस आला, एवढाच काय तो फरक.

तो कमललाही झाला. म्युनिसिपल शाळेतून ती क्लार्क म्हणून रिटायर झाली, लग्न केलं नाही, तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीत एकटी राहायची आणि ते तीन जिने चढण्याचा तिला कोण अभिमान. चार वर्षांपूर्वी एका सकाळी ती गाळ्यात आली आणि बाकावर बसली. मग म्हणाली, "राजू, काल अगरबत्तीचा निखारा पायावर पडला. कातडी जळली ती मला वासाने कळली. घरच्यांना नाही सांगितलं हां. भाचा लगेच विरारला घेऊन जाईल. तुला सांगते, कारण पाय तुझ्या हातात आहेत."

त्या दिवसापासून कमलच्या बुटात राजरत्न दोनदा हात घालायचा.

राजरत्नची मुलगी अपूर्वा याच कामाची डिग्री घेऊन आली तेव्हा त्याची छाती फुगली होती. ती मशीन घेऊन आली तेव्हा मात्र त्याचं तोंड वाकडं झालं. मशीन म्हणजे एक काळी पाटी. तिच्यावर माणूस उभा राहिला की पडद्यावर पायाचं चित्र उमटायचं. भार कमी तिथे निळं, जास्त तिथे लालभडक. ते चित्र शिवडीच्या एका गोदामात जायचं आणि तिथून त्या मापाचा मऊ इनसोल कोरून यायचा. "हा पायाचा नकाशा आहे की पावसाचा?" असं राजरत्न गिऱ्हाइकांसमोर विचारायचा. अपूर्वा हसून सोडून द्यायची. शेवंती, त्याची बायको, असती तर तिने त्याला दोन शब्द सुनावले असते; पण तिला जाऊन सहा वर्षं झाली होती आणि घरात त्याला अडवणारं कुणी उरलं नव्हतं.

बापलेकीत शेवटी तह झाला. बूट राजरत्नचा, आतला इनसोल अपूर्वाचा. पहिला जोड कुणाचा करायचा, हा प्रश्न होता. कमल म्हणाली, माझा करा. दोघांचंही मन राखायला निघालेली बाई ती.

जानेवारीत बूट तयार झाला. तळव्याचा भार मागे ढकलायला पंजाच्या खाली चामड्याची आडवी पट्टी खिळ्यांनी ठोकली होती. राजरत्नने डोळे मिटले, हात घातला, सावकाश फिरवला, काढला, पुन्हा घातला. "लोणी आहे," तो म्हणाला. कमल बूट घालून गाळ्यात दोन फेऱ्या मारून गेली.

अठरा दिवसांनी तिच्या भाच्याचा, रमाकांतचा, फोन आला. कमलला ताप होता, मोज्याला वास येत होता म्हणून डॉक्टरकडे नेलं, तर तळव्याला पंजाखाली जखम निघाली, आतपर्यंत गेलेली. किती दिवस ती त्या पायाने जिने चढउतार करत होती कोण जाणे. तिला काही कळलंच नव्हतं.

अपूर्वाने चित्र पुन्हा उघडलं. जखमेची जागा बरोबर तिथे होती जिथे पडद्यावर लाल होतं, आणि तिथेच तिने इनसोल सर्वांत जास्त कोरायला सांगितला होता. आपलंच चुकलं, कड राहिली असणार, असं तिने ठरवून टाकलं. ती बापासमोर बसून रडली. त्या वेळी राजरत्नने तिच्या डोक्यावर हात ठेवायला हवा होता. त्याऐवजी तो म्हणाला, "मशीनला काय समजतं पायातलं? मी बोललो होतो."

बोलला आणि त्याला बरंही वाटलं. खोटं कशाला सांगायचं, मनात कुठेतरी तो जिंकला होता. अपूर्वाने पाटी खोक्यात भरली, खोक्याला चिकटपट्टी लावली. शिवडीच्या गोदामाला फोन करून पुढची कामं थांबवली. ओळखीच्या एका विमा कंपनीत जागा होती, तिथे अर्ज टाकला. जेवायला बसायची, पण ताटात नुसती बोटं फिरवायची.

चार दिवसांनी दुपारी रमाकांत बूट घेऊन आला. हॉस्पिटलने प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून दिले होते. अपूर्वा कमलला भेटायला गेली होती, गाळ्यात राजरत्न एकटाच. रमाकांत गेल्यावर त्याने डावा बूट मांडीवर घेतला. इनसोलची ती कड नेमकी कुठे आहे ते शोधायचं आणि संध्याकाळी लेकीला दाखवायचं, असा त्याचा विचार होता. त्याने डोळे मिटले. टाच. कमान. पंजा जोर देऊन दाबून पाहिला. करंगळीचा कोपरा. सगळं गुळगुळीत. कड नव्हती, गाठ नव्हती, काहीच नव्हतं. त्याने आणखी एकदा हात फिरवला आणि बाहेर काढला.

डोळे उघडले तर मधल्या बोटातून रक्त येत होतं.

आधी त्याला वाटलं, कमलचं आहे. पण ते ताजं होतं, आणि त्याच्या डोळ्यांदेखत थेंब मोठा होत होता. त्याने बोट पुसलं. बारीक भोक दिसलं, त्यातून पुन्हा रक्त आलं. राजरत्नने बॅटरी आणून बुटात धरली. पट्टीच्या खिळ्याचं टोक, तांदळाच्या कणीएवढं, इनसोलमधून वर आलं होतं. नुसतं पाहिलं तर दिसत नव्हतं. दाबलं की वर यायचं. ऐरणीवर ठोकून वळवायचं राहून गेलेलं टोक. ते राहून गेलं हे एक. पण ज्या बोटांनी ते पकडायचं, त्यांनी ते जानेवारीत दोनदा आणि आत्ता दोनदा सोडलं होतं, रक्त येईपर्यंत, आणि त्याला काही कळलं नव्हतं.

मग एकेक गोष्ट आठवायला लागली. नाक्यावरचा चहावाला कौतुकाने म्हणायचा की दादांचा हात लोखंडाचा, वाफाळता ग्लास रुमालाशिवाय धरतात. शर्टाची बटणं लावायला आरशात बघावं लागायचं. सुई हातातून पडली की पडल्याचा आवाज आला तरच कळायचं. पंधरा वर्षांचा डायबिटीस, गोळ्या आठवण होईल तेव्हा. त्याला ठाऊक नव्हतं असं नाही. रोजच्या गिऱ्हाइकांचे सुन्न पाय हाताळणाऱ्या माणसाला ते ठाऊक नसेल कसं? त्याने स्वतःला समजावलं होतं की वय झालं, थंडी आहे, चामड्याने बोटं राठ झाली. हात गेला तर मग रामजींच्या नातवाकडे राहिलं काय?

त्याने पक्कड घेतली, खिळा ओढून काढला आणि शर्टाच्या खिशात टाकला. बूट पिशवीत परत ठेवला. संध्याकाळी अपूर्वा आली तेव्हा तो काही बोलला नाही.

दुसऱ्या दिवशीही बोलला नाही. त्या दिवशी कमलचा अर्धा पाय, पंजापासून पुढचा, कापला. अपूर्वा हॉस्पिटलातून येऊन भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. राजरत्नने भात टाकला, तो करपला, दोघंही जेवली नाहीत. खिळा खिशातच होता. शर्ट बदलला तेव्हा त्याने तो नव्या शर्टाच्या खिशात ठेवला, फेकून दिला नाही. माणूस पाप लपवतो, पण जवळ ठेवतो, असं काहीतरी असावं.

तिसऱ्या दिवशी चार वाजता भेटीची वेळ सुरू झाली तेव्हा तो अपूर्वाबरोबर वॉर्डात गेला. कमल उशाला टेकून बसली होती. चेहरा उतरलेला, पण केस नीट विंचरलेले. अपूर्वाने तिचा हात धरला आणि रोजच्यासारखं माझं चुकलं म्हणायला सुरुवात केली. राजरत्नने खिळा काढून चादरीवर ठेवला.

"तिचं नाही चुकलं," तो म्हणाला. "हा बुटात होता. मी हात घातला होता कमलताई, दोनदा घातला. मला लागला नाही. माझी बोटं गेलीत. दोन वर्षं झाली."

अपूर्वाने खिळ्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

"कधी मिळाला?" तिने विचारलं.

"परवा. दुपारी."

ती उठली आणि वॉर्डाच्या बाहेर निघून गेली. राजरत्नला वाटलं होतं की ती ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं.

कमल खिळा बोटांत धरून बघत होती. मग तिने तो टेबलावर ठेवला.

"पाय गेला त्याचं सोड," ती म्हणाली. "तो लहानपणापासून माझा कधी नव्हताच नीट. पण राजू, माझ्या पायाला कळत नाही हे मी पहिल्यांदा तुला येऊन सांगितलं होतं. तुझ्या हाताला कळत नाही हे तू मला सांगितलं नाहीस."

बाजूच्या पेशंटकडे चहाची ट्रॉली आली. कमल म्हणाली, मला आता झोप येते. तो उठून बाहेर आला आणि बाकड्यावर बसून लहान मुलासारखा रडला.

अपूर्वा आठवडाभर त्याच्याशी बोलली नाही. घरात दोघांच्या भांड्यांचा काय तो आवाज. मग एका सकाळी ती गाळ्यात आली, खोक्याची चिकटपट्टी फाडून तिने पाटी बाहेर काढली, पुसली, जागेवर लावली. त्यानंतर बॅगेतून एक लहान दांडी काढली. तिच्या टोकाला नायलॉनचा जाडसर तंतू होता. पेशंटच्या तळव्याला तो टेकवून कुठे कळतं, कुठे नाही, हे ती तपासायची.

"पप्पा, बसा. हात पुढे करा. डोळे मिटा. लागलं की सांगा."

तो गिऱ्हाइकांच्या बाकावर बसला. आयुष्यात पहिल्यांदाच तो या बाकावर बसला होता. त्याने दोन्ही तळहात उघडले, डोळे मिटले आणि वाट पाहू लागला. रस्त्यावरून भंगारवाला ओरडत गेला. वरच्या मजल्यावर कुणीतरी बादली सरकवली. मनगटाजवळ एकदा लागल्यासारखं वाटलं, तसं त्याने सांगितलं. मग पुन्हा काही नाही. बराच वेळ झाला.

"अगं, बोटांवर सुरू कर ना," तो म्हणाला.

"संपलं, पप्पा," अपूर्वा म्हणाली. त्याने डोळे उघडले तेव्हा तिने त्याची दहाही बोटं आपल्या दोन्ही हातांत घट्ट धरली होती, आणि तेही त्याला बघूनच कळलं.

कमलला रमाकांत विरारला घेऊन गेला. तीन जिन्यांची खोली बंद झाली. एप्रिलमध्ये जखम भरली आणि तिने अपूर्वाला निरोप पाठवला की बूट लागेल. अपूर्वा पाटी घेऊन विरारला गेली, उरलेल्या पायाचं चित्र घेऊन आली. शिवडीहून इनसोल आला. वरचं चामडं राजरत्नने कापलं, शिवलं मात्र अपूर्वाने. खिळे कुठेच नाहीत, सगळं चिकटवलेलं. बूट झाल्यावर तिने डोळे मिटले आणि हात मनगटापर्यंत आत घातला. राजरत्न तोंड फिरवून भिंतीकडे बघत उभा होता.

भिंतीवर कमलचं कलबूत होतं. आता त्याचा उपयोग नव्हता, मापं सगळी कॉम्प्युटरात होती. पण राजरत्नने ते उतरवलं, डॉक्टरांनी कापलं त्याच रेषेवर पेन्सिलीची खूण केली आणि करवत लावली. जुनं लाकूड, कापायला अर्धा तास गेला. अपूर्वा मधे पडली नाही. मागचा तुकडा, नाव लिहिलेला, त्याने पुन्हा खुंटीला टांगला. पुढचा तुकडा रीतीप्रमाणे कागदात बांधला आणि बुटाबरोबर कमलला द्यायला सांगितला.

अपूर्वा संध्याकाळी परत आली. बूट छान बसला होता. कमलमावशी गॅलरीतून दोन वेळा चालली, बरोबर आहे म्हणाली. पुडकं मात्र तिने न उघडताच परत दिलं होतं. तुझ्या पप्पांकडेच ठेव म्हणाली.

राजरत्नने पुडक्याचा कागद सोडला. पाच बोटांची वाकडी लाकडी टोकं, आणि त्यांच्याखाली चामड्याच्या चकत्या, एकीवर एक. आजोबांची पहिली, मग वडिलांच्या, वर त्याच्या. वडील सांगायचे, दिव्याशिवायसुद्धा कुठली चकती कुणाची ते बोटाला कळतं. रामजींची कड तिरकी, माझी सरळ. लहानपणी ते भिंतीवरचं कुठलंही कलबूत हातात देऊन त्याला डोळे मिटायला लावायचे आणि विचारायचे, ही कुणाची, ही कुणाची, आणि तो कधी चुकायचा नाही.

अपूर्वा आत चहा टाकत होती. राजरत्नने डोळे मिटले आणि चकत्यांवरून बोट फिरवलं. एकदा, मग पुन्हा एकदा. आत चहा उकळून झाला, ती कप घेऊन त्याच्याजवळ येऊन उभी राहिली, तरी तो बोट फिरवतच होता.

"ही कुणाची, अपू?" त्याने विचारलं.

तिने कप खाली ठेवला आणि आपलं बोट त्याच्या बोटाशेजारी टेकवलं.